पाळण्याचं गिऱ्हाईक

लक्ष्मीकांत मोघ्यांना माणूस ओळखता यायचा. निदान त्यांचा तसा समज होता, आणि मोघ्यांचा एकदा समज झाला की तो बदलायला साक्षात ब्रह्मदेव आला असता, तरी मोघ्यांनी त्याला आधी बाकावर बसवून अर्ज लिहायला लावला असता.

त्यांचं आयुष्यच अर्ज घेण्यात गेलं होतं. एकोणीस वर्षं! आधी ग्वाल्हेर संस्थानचे अर्ज, मग अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं तेव्हापासून मध्यभारताचे. कागदावरचा शिक्का बदलला, वरचे साहेब बदलले, पण टेबलाच्या अलीकडे मोघे आणि पलीकडे घामाघूम माणूस, यात काही फरक पडला नाही. "कोणाचं खरंच घोडं अडलंय आणि कोण नुसता वेळ काढायला आलाय, हे मी चपलांच्या आवाजावरून सांगतो," असं ते जेवताना सांगायचे. त्यावर त्यांची बायको शामला एवढंच म्हणायची, "मग भाजीवाला रोज तुम्हालाच कशी किडकी वांगी देतो हो?" मोघे तेवढ्यापुरते बहिरे व्हायचे.

छप्पन साली पुन्हा राज्य बदललं. मध्यभारत मोडून मोठा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार, आणि मोघ्यांची शाखा एक नोव्हेंबरच्या आत तिकडे हजर पाहिजे, असा हुकूम निघाला. आता हुकूम काही एकट्या मोघ्यांना नव्हता. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दर चौथ्या मराठी घरात ट्रंका उघडल्या गेल्या. भोपाळला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार. तिथे तीन पिढ्यांचं सामान काय डोक्यावर ठेवायचं? वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लागल्या. शिसवी कपाट विकणे आहे, झोपाळा विकणे आहे, शिवणाचं मशीन चालू स्थितीत. विकणारे ढीगभर आणि घेणारे चार. मात्र बघणाऱ्यांना तोटा नव्हता. कचेरीतल्या लोकांची घरं आतून बघायला मिळतायत म्हटल्यावर हौशे, नवशे, गवशे सगळे लोटले.

शामला दसरा झाल्यावर चारही मुलांना घेऊन उज्जैनला माहेरी गेली. तिथून ती परस्पर भोपाळला यायची होती. टांग्यात बसली, आणि काय वाटलं कोण जाणे, पुन्हा खाली उतरली.

"बाकी सगळं तुमच्या मनासारखं विका," ती म्हणाली. "पाळण्याची मात्र किंमत करू नका. कोणाच्या घरी लागत असेल त्याला देऊन टाका. घेणाऱ्याचं तोंड बघा नि द्या."

"हो हो," मोघे म्हणाले. त्यांचं लक्ष टांगेवाल्याशी चाललेल्या घासाघिशीत होतं.

तो पाळणा मोघ्यांच्या आजोबांनी करवून घेतलेला. सागवानी, चारी बाजूंना कातीव दांड्या, प्रत्येक दांडीच्या डोक्याला लाखेचा लाल-हिरवा गोळा, वर पितळी कड्या, आणि ओढायला हाताने वळलेली चार पदरी सुती दोरी. त्यात मोघे स्वतः झोपले, त्यांची सहा भावंडं झोपली, पुढे त्यांची चार मुलं झोपली. घरोघरी एखाददुसरं तरी मूल मातीआड व्हायचं असा तो काळ. पण या पाळण्यातल्या अकरांतलं एकही दगावलं नाही. शामला हे हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची. मोघ्यांच्या लेखी मात्र ते चांगलं लाकूड होतं. फुकट द्यायचं? फुकट म्हटलं की सगळं लष्कर दारात उभं राहील, आणि खरी गरज कोणाची ते कळणार कसं? खिशात हात घालायला लागला की माणसाची गरज कळते, असं मोघ्यांचं शास्त्र होतं. त्यांनी फळ्यावरच्या आपल्या चिठ्ठीवर खाली एक ओळ वाढवली: सागवानी पाळणा, उत्तम स्थितीत.

शास्त्र म्हटलं तर होतंच. घरात एकटे असल्यामुळे चहा त्यांना स्वतः करावा लागे, म्हणून त्यांनी नियमच घालून घेतला. जो वस्तूला नाव ठेवील त्याला चहा, जो वाखाणील त्याला पाणी. कारण घेणारा माणूस नावं ठेवतो. भाव पाडायचा असतो ना त्याला. वाखाणणारा हात हलवत जातो. शेजारच्या सुलोचनाबाईंनी आरशाची तासभर तारीफ केली आणि त्यातच केस सारखे करून घरी गेल्या. एक प्रोफेसर पुस्तकांचं कपाट वीत वीत मोजून गेले, ते अजून मोजतायत. आणि ज्या गृहस्थाने त्याच कपाटाच्या बिजागऱ्यांना शिव्या घातल्या त्याने पाच मिनिटांत पैसे टाकून ते उचललं. मोघे खूश. एकोणीस वर्षांचं शिक्षण फुकट गेलं नव्हतं.

कोजागिरीनंतरच्या रविवारी भर दुपारी एक म्हातारा आला. उंच, वाळलेला, अंगात खाकी कोट गळ्यापर्यंत बटणं लावून, डोक्याला फेटा. बुटांवर बोटभर धूळ.

"रामराम पंत. मी कान्होजी भोईटे. किला गेटला असतो. संस्थानच्या रिसाल्यात दफेदार होतो."

मोघ्यांनी आत घेतलं. म्हाताऱ्याने कपाट नसलेली भिंत पाहिली, आरसा पाहिला, पितळी घंगाळ पाहिलं. सगळं पाहिलं ते उगीच, रस्त्यात ओळखीचा भेटला की हवापाण्याचं बोलतात ना, तसं. मग पाळण्यापाशी आला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. हात लावला नाही.

"किती लेकरं खेळली यात?"

"अकरा."

"आणि सगळी..."

"सगळी धडधाकट," मोघे म्हणाले. "माझे थोरले भाऊ सत्तावन्न वर्षांचे आहेत, अजून दाताने सुपारी फोडतात."

म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि उघडले. "बहोत भाग्याचा पाळणा आहे, पंत. असा मी कुठे पाहिला नाही."

झालं! वाखाणलं. मोघ्यांनी आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला. म्हातारा तो घटाघटा प्याला आणि अजून मागितला. किंमत विचारली नाही. दारात मात्र थांबला. "आपण निघणार केव्हा?"

"तीस तारखेला. दुपारच्या गाडीने."

म्हाताऱ्याने मनाशी काहीतरी दिवस मोजले आणि रामराम करून गेला. किला गेटाहून लष्कर म्हणजे दीड कोस, तेही पायी, तेही त्या उन्हात. रिकामटेकडा माणूस फार तर गल्लीच्या टोकापर्यंत जातो, दीड कोस चालत येत नाही. चपलांच्या आवाजावरून माणूस ओळखणाऱ्याला बुटांवरची धूळ दिसली नाही, त्याला काय म्हणावं!

गुरुवारी संध्याकाळी म्हातारा पुन्हा हजर. या वेळी बसला. बोलला.

"आमची फौज गेली, आता तुमची कचेरी चालली. ग्वाल्हेरात मग राहिलं काय हो पंत?" मुलगा हिंदुस्थानच्या फौजेत घेतला गेला होता आणि जम्मूकडे होता. घरी हा आणि सून, सुमन. बायको जाऊन सहा वर्षं झाली. "सूनबाईची तब्येत जपावी लागते," तो म्हणाला आणि पाळण्याकडे बघितलं. "आहे ना अजून?"

"आहे तर. घेऊन टाका. सांगू किंमत?"

म्हातारा खाटेवरून जवळजवळ उठलाच. "नको नको, पंत. किंमत नका सांगू."

"बरं, मग विसार ठेवा पाच रुपये. मी राखून ठेवतो."

"विसार नाही देता येणार."

"मग केव्हा देता येईल?"

"ते माझ्या हाती नाही," म्हातारा म्हणाला.

"मग कोणाच्या हाती आहे?" मोघ्यांचा आवाज चढला. या प्रश्नावर कचेरीत भले भले पाघळायचे. म्हाताऱ्याने नुसतं वर आढ्याकडे पाहिलं, पाण्याचा पेला रिकामा केला आणि उठला. मोघ्यांनी त्याच्या पाठीकडे बघत मनातल्या मनात शेरा मारला: खिशात दमडी नाही, घरी करमत नाही, पेन्शनर.

आता तुम्ही चार बायकांच्यात वाढला असाल तर तुमच्या केव्हाच ध्यानात आलं असेल. घरात कोणी पोटुशी असलं की बाळाची वस्तू आधी आणत नाहीत. तिचा भाव करत नाहीत, विसार देत नाहीत, तिला नाव तर ठेवत नाहीतच. सुमनची आधीची दोन गेली होती, एक चौथ्या दिवशी, एक बाराव्याला, बारशाच्या सकाळी. त्या घरात तर जिभेवर पाळणा हा शब्दसुद्धा कोणी आणला नसता. म्हातारा दीड कोस चालून यायचा तो फक्त पाळणा जागेवर आहे ना हे बघायला. बोलून अपशकुन करायचा नव्हता, आणि न बोलता समोरच्याला कळावं, एवढीच त्याची आशा होती.

आणि मोघ्यांना कळलं नाही. चार मुलांचे बाप! पण त्यांच्या घरी पाळणा पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावर होता, तो कधी आणायचा हा प्रश्नच उठला नव्हता. शामलाची सगळी बाळंतपणं माहेरी. मोघ्यांना कार्ड यायचं, ते कचेरीत पेढे वाटायचे, आणि अडीच महिन्यांनी तयार मूल घरी यायचं. शामला तिथे असती तर तिने म्हाताऱ्याचं तोंड पाहिल्याबरोबर पाळणा उतरवून पुसायला घेतला असता.

शनिवारी टोपी बाजारातला एक व्यापारी आला. गुळगुळीत दाढी, कानात अत्तराचा बोळा. आल्या आल्या त्याने पाळण्याची एक दांडी नखाने टोकरली.

"इस में तो घुन लगा है, साहब."

"घुन? सागवानाला कसली कीड!" मोघे उसळले, पण आतून सुखावले. हे खरं गिऱ्हाईक.

"रंग भी उड़ गया है। और कड़ी देखिए, घिसी हुई।"

नेमका तेव्हाच दारात कान्होजी भोईटे उभा राहिला. व्यापाऱ्याचे शब्द त्याच्या कानावर पडले आणि त्याचा चेहरा आखडला. "ऐसा मत बोलिए भाईसाहब," तो म्हणाला. "ऐसी चीज को ऐसा नहीं बोलते।" व्यापाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि दुसरी दांडी टोकरली.

मोघ्यांनी चहा टाकला. एक कप. व्यापाऱ्याच्या हातात दिला. म्हातारा उन्हातून आला होता, त्याचे ओठ सुकले होते, तो उंबऱ्यापाशी उभा होता. त्याला मोघ्यांनी या वेळी पाणीही विचारलं नाही. तीन-तीनदा येऊन वेळ खाणाऱ्याला किती म्हणून पाणी पाजायचं?

"पंत," म्हातारा हळूच म्हणाला, "चार दिवस ठेवा."

"कशासाठी?"

म्हाताऱ्याने पाळण्याकडे पाहिलं. "चार दिवस," तो पुन्हा म्हणाला.

"बघू," मोघे म्हणाले. "बघू, बघू."

कचेरीत मोघे दिवसातून पन्नासदा 'बघू' म्हणत आणि पन्नासही अर्ज खणात पडून राहत. ते ऐकून लोक निमूट निघून जायचे. पण म्हातारा रिसाल्यातला. तिथे वरच्याने 'बघतो' म्हटलं की काम झालं म्हणायचं. तो ताठ झाला, त्याने दोन्ही हात जोडले आणि समाधानाने गेला. ते जोडलेले हात मोघ्यांना पुढे आयुष्यभर आठवायचे होते.

रविवारी सकाळी व्यापारी हातगाडी घेऊन आला. सौदा झाला, मोघ्यांनी मागितलं त्याच्या जवळपास पैसे मिळाले. पाळणा गाडीवर चढला तेव्हा मोघ्यांनी पुढे होऊन त्याची दोरी सोडवून घेतली. व्यापारी म्हणाला, "रस्सी तो इसी की है।" मोघे म्हणाले, "रस्सी की बात नहीं हुई थी।" बिस्तरा बांधायला अशी मजबूत दोरी कुठे मिळते? आपण व्यापाऱ्यालाही चार पैशांनी चुना लावला, म्हणून ते दिवसभर खूश होते.

तीस तारीख उजाडली. घर रिकामं, भिंतींवर कपाटांच्या खुणा. मोघे दाराशी बिस्तऱ्यावर बसून टांग्याची वाट बघत होते. टांगा आला, पण त्यातून कान्होजी भोईटे उतरला. आज बुटांना धूळ नव्हती. फेटा नवा. हातात साखरेची पुडी.

"पंत, साखर घ्या!" तो दारातूनच ओरडला. त्या माणसाला इतका मोठा आवाज आहे हे मोघ्यांना माहीत नव्हतं. "पहाटे मुलगी झाली. लक्ष्मी आली घरी. अगदी दिवसांवर आली, आणि रडली हो, चांगली मोठ्यानं रडली!"

मोघ्यांच्या तळहातावर साखर पडली. म्हाताऱ्याने कोटाच्या आतल्या खिशातून रुमालाची गाठ काढली आणि मोघ्यांच्या पुढे धरली.

"आता सांगा किंमत. आता कितीही सांगा. मी एक आणा कमी करणार नाही. टांगा घेऊनच आलोय, सांभाळून नेईन. आधी बोलता येत नव्हतं पंत, तुम्ही समजून घेतलंत. दोन गेली आमची. दुसरीच्या वेळी सुताराला पाळणा सांगून बसलो होतो, सातव्या महिन्यातच. सूनबाई अजून मला काही बोलत नाही त्याबद्दल. पण या खेपेला म्हणाली, मोघ्यांच्या पाळण्यात एकही दगावलं नाही म्हणतात, तो मिळाला तर... एवढंच म्हणाली आणि जीभ चावली."

मोघ्यांनी साखर तोंडात टाकली नाही. मूठ मिटली.

"बसा," ते म्हणाले. "तुम्ही बसा. मी आलोच." आणि म्हाताऱ्याच्याच टांग्यात चढून त्यांनी टांगेवाल्याला टोपी बाजार सांगितला.

बैल गेला नि झोपा केला, म्हणतात ते असं. मोघ्यांनी वाटेत मनाशी भाव ठरवला. दुप्पट देऊ. तिप्पट देऊ. पाया पडू. दिवाळी तोंडावर आलेली, टोपी बाजारात मुंगीला वाव नव्हता. त्यांनी टांगा तिथेच उभा करून धावतच ते दुकान गाठलं. आणि दुकानाच्या फळीवर त्यांना पाळणा दिसला.

म्हणजे दांड्या दिसल्या. एकेक दांडी कापून चौकोनी पाटावर उभी ठोकलेली. लाखेचे लाल-हिरवे गोळे जागच्या जागी, आणि प्रत्येक गोळ्यावर एकेक पांढरीशुभ्र टोपी. वीस-बावीस टोप्या ओळीने मांडल्या होत्या. तळाच्या फळ्यांचा गल्ल्यामागे कप्पा झाला होता, त्यात टोप्यांचे गठ्ठे.

"आइए साहब," व्यापारी म्हणाला. "देखिए, कैसी रौनक आई है! लकड़ी बढ़िया थी।"

 एका गिऱ्हाइकाने मोघ्यांना धक्का देऊन बाजूला केलं आणि एक टोपी उचलून डोक्यावर घालून बघितली.

परत आले तेव्हा म्हातारा पायरीवर बसला होता. टांग्यात मागे काही नाही हे त्याने दुरूनच पाहिलं असावं, कारण मोघे खाली उतरायच्या आत तो उभा राहिला.

"मी विकला," मोघे म्हणाले. "रविवारीच विकला. त्या टोपीवाल्याला. मला वाटलं तुम्ही... मला वाटलं तुम्हाला घ्यायचाच नाही."

म्हाताऱ्याने रुमालाची गाठ मुठीत आवळली. मग म्हणाला, "तुमचा काय दोष, पंत. मी बोललोच नाही."

त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर मोघ्यांना बरं वाटलं असतं.

"त्यातलं काही उरलंय का?" त्याने विचारलं. "काहीही. तिच्या उशाशी ठेवायला."

मोघ्यांनी घराकडे पाहिलं. काय उरणार? मग त्यांची नजर बिस्तऱ्यावर गेली. त्यांनी खाली बसून गाठी सोडल्या. एक गाठ दाताने सोडवावी लागली. बिस्तरा फुगून पसरला. म्हाताऱ्याने ती दोरी दोन्ही हातांवर घेतली, कपाळाला लावली, नीट गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. रुमालाची गाठही तिथेच परत गेली.

"पाणी घेता?" मोघे म्हणाले. "थांबा, तांब्या काढतो, वरच आहे."

"नको पंत. आज टांग्यातून आलो, तहान नाही." मग त्याने सूर्याकडे बघितलं. "तुमची गाडी चुकेल. हाच टांगा घेऊन जा. मला काय, चालायची सवय आहे."

मोघे नको नको म्हणेपर्यंत त्याने बिस्तरा काखोटीला मारून टांग्यात नेऊन ठेवलासुद्धा. टांगा वळला तेव्हा मोघ्यांनी मागे पाहिलं. म्हातारा छातीवर, खिशावर हात ठेवून किला गेटच्या दिशेने चालला होता.

भोपाळला शामला आली आणि पहिल्या तासाभरात तिने विचारलं, "पाळणा कोणाला दिला हो?"

मोघ्यांनी वाटेत दहा वेळा घोकलं होतं की खरं सांगायचं. "किला गेटला एक भोईटे म्हणून दफेदार आहेत," ते म्हणाले. "त्यांच्या सुनेला मुलगी झाली. आधीची दोन गेली होती."

सगळं खरं होतं. आणि पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. ते निघायच्या आत शामला उघड्या ट्रंकेवर बसली, तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "मी उगीच तुमची थट्टा करते. तुम्हाला माणूस ओळखता येतो हो."

एकोणीस वर्षं मोघे या वाक्याची वाट बघत होते. ते असं मिळालं. आता तुम्हीच सांगा, त्यानंतर कोणत्या तोंडाने बोलणार? बोलायला हवं होतं. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मोघे न्हाणीघरात जाऊन तोंड धुवत राहिले.

शामलाने आपल्या मऊ झालेल्या लुगड्याचं टोपडं शिवलं. सोबत पत्र लिहिलं: आमच्या पाळण्यात अकरा वाढली, तुमची बारावी, तिला आमचे आशीर्वाद, दोरी जरा लांब ठेवा म्हणजे काम करता करता ओढता येते. पाकिटावर पत्ता मोघ्यांनी लिहिला. पोस्टाच्या पेटीपाशी ते बराच वेळ उभे होते. पुडकं नाल्यात टाकणं सोपं होतं. त्यांनी ते पेटीत टाकलं, कारण त्यांना उत्तर हवं होतं.

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. पेन्सिलीने, मोठ्या सरळ अक्षरात. शामलाने मोठ्याने वाचलं.

"सौभाग्यवती वहिनींस रामराम. टोपडं पोचलं, बरोबर बसलं. आपला पाळणा उत्तम आहे. बाळ उत्तम आहे. पंतांना सांगावं, काळजी करू नये. कान्होजी भोईटे, दफेदार."

शामलाने कार्ड देवापुढे ठेवलं. ती स्वयंपाकाला गेल्यावर मोघ्यांनी ते उचलून खिडकीशी नेलं. आपला पाळणा उत्तम आहे. हे धडधडीत खोटं होतं. म्हाताऱ्याने शामलाच्या पत्रावरून सगळं ओळखलं होतं, आणि ज्याने त्याला पाणी विचारलं नाही त्याची बायकोपुढे मान खाली जाऊ नये म्हणून तो खोटं बोलला होता. दोरीचं नावही काढलं नव्हतं. एवढं ठीक. पण पुढची ओळ? बाळ उत्तम आहे. तीच पेन्सिल, तेच सरळ अक्षर, तोच दाब. पहिली ओळ ज्याने इतक्या सहज खोटी लिहिली, त्याने दुसरीही तशीच, त्याच दयेपोटी लिहिली नसेल कशावरून? मोघ्यांनी कार्ड उजेडात धरलं, उलटं केलं, अक्षराला अक्षर ताडून पाहिलं. एकोणीस वर्षांत हजारो कागद त्यांच्या नजरेखालून गेले होते, खरे आणि खोटे. हा एक कागद त्यांना वाचता आला नाही.

पुढे ते कचेरीच्या कामाने दोनदा ग्वाल्हेरला गेले. दोन्ही वेळा त्यांनी किला गेटचा टांगा केला. दुसऱ्या खेपेला तर उतरले. वाटेवर चार-पाच वर्षांच्या मुली ठिकरीने खेळत होत्या. एकीला विचारलं असतं की भोईट्यांची कोण ग तुमच्यात, तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. मोघ्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि टांगेवाल्याला म्हणाले, "वापस चलो."

शामला ही पाळण्याची गोष्ट अजून आल्यागेल्याला सांगते. अकरा मुलं, दफेदार, बारावी मुलगी, सगळं. आणि शेवटी म्हणते, "यांना माणूस ओळखता येतो, बरं का." तिथपर्यंत ती आली की मोघे उठतात आणि पाहुण्याला पाणी आणायला आत जातात.